मोटरच्या सायकलला मागं सहा गिअर हवेतच

करवीर_पेडल
माझं मत स्पष्ट आहे. 250 वॅटची मोटर बसवून सायकल पन्हाळ्याला न्यायची असेल, तर मोटरचा जोर मागच्या गिअरमधूनच चाकाला गेला पाहिजे. आपल्याकडं कोल्हापुरात सर्रास मोटरची चेन थेट मागच्या एकाच चक्रावर देतात. रंकाळा ते फुलेवाडी झकास चालतं. वाघबीळचा चढ लागला की मोटर दमते, हात लावला तर चटका बसतो.

हिशेब बघा. सायकल, बॅटरी, माणूस मिळून 115 किलो आणि चढ 6 टक्के धरला, तर साधारण 75 न्यूटन जोर लागतो. चाकापर्यंत 200 वॅट पोचले तरी वेग ताशी साडेनऊ किलोमीटरच येतो. ताशी 25 साठी जुळवलेली मोटर तिथं निम्म्याहूनही हळू फिरते, करंट ओढते आणि निम्म्याहून जास्त वीज नुसती तापण्यात जाते. गिअरनं मोटरचे वॅट वाढत नाहीत, मान्य. पण मोटर तिच्या वेगात फिरत राहते. चेन 14 दातांवरून 28 वर आली की चाकावरचा जोर दुप्पट!

उद्यमनगर_लेथ
हिशेब बरोबर, पण जोडणार कुठं? मोटर बसते डाव्या बाजूला, सहा गिअरचं फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेनं पकडणारं आणि उलटं मोकळं फिरणारं चक्र, असतं उजव्या बाजूचं. डावीकडं लावलं तर पकड उलटी होते, आटे सुटतात. म्हणजे मोटर पुढच्या चेनव्हीललाच, पायडलजवळच्या मोठ्या चक्रालाच जोडायची. त्यासाठी जादा शाफ्ट, बेअरिंग, ब्रॅकेट आलं. पुढंही फ्रीव्हील लागणार, नाहीतर मोटरबरोबर पायडल फिरून नडगी फोडतील. हे सगळं लेथवर करून मिळेल, पण चेनची लाईन जरा चुकली की चेन पडलीच. त्यात गिअरची चेन अरुंद, 3/32 इंचाची. तिच्यावर मोटर आणि पाय दोन्हींचा जोर. एकच चक्र ठेवा, फक्त जास्त दातांचं घ्या.

केर्ली_दूध
लेथवाल्या दादांचं पटतंय. कॅरिअरला कॅन लावून पहाटे निघणाऱ्याला रस्त्यात चेन सरकवणारा डिरेलर वाकला तर कोण सरळ करून देणार? जुलैच्या चिखलात तर विचारूच नका. एक चक्र, एक चेन, झालं.

करवीर_पेडल
दूध वेळेत पोचवायचंय ना? मग मोठ्या चक्रानं सपाटीला वेग निम्मा होईल, त्याचं काय? उसाच्या हंगामात मागून ट्रॉली येत असताना ताशी 12 नं रांगणं मला धोक्याचं वाटतं. गिअर बदलताना ब्रेकची मूठ जरा दाबायची. तिच्यातल्या स्विचनं मोटर बंद होते, चेन मोकळी होते, अलगद सरकते.

सपाट_रस्ता
एवढा खटाटोप कशाला? 500 वॅटची मोटर टाका.

करवीर_पेडल
250 वॅटच्या आत आणि ताशी 25 च्या आत असेल तोवरच ती सायकल. वर गेलात की नोंदणी, लायसन्स, विमा सगळं लागतं. शाळेतल्या पोरांना आणि म्हाताऱ्या माणसांना हे वाहन त्यामुळंच परवडतं, ते मला घालवायचं नाही.

उद्यमनगर_लेथ
मग तोच नियम तुमच्या गिअरलाही लागतो. 28 दातांवर 25 चा वेग जुळवला, तर 14 दातांवर सपाटीला तो ओलांडेल. मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरला वेगमर्यादा हवी, आणि ती मागच्या चाकाचे फेरे मोजून. मोटरचे मोजून चालणार नाही.

करवीर_पेडल
चाकावर सेन्सर लावतो. ब्रॅकेटचं माप पाठवतो, शाफ्ट तेवढा तुम्हीच करून द्या.

उद्यमनगर_लेथ
करतो. पण चेन रुंद, 1/8 इंचाचीच घाला आणि मागं दोनच चक्रं ठेवा. सहाला माझा विरोध कायम आहे.