हॉलची नोटीस

पाटणकर मॅडम (ए-२०४): सेक्रेटरीसाहेब, जिन्याखालची नोटीस वाचली. 'अनलेस ड्यूज आर नॉट क्लिअर्ड, हॉल विल नॉट बी गिव्हन.' म्हणजे ज्याची बाकी थकली आहे त्यालाच हॉल मिळणार! कृपया दुरुस्त करा 🙏

सावंत (सेक्रेटरी): मॅडम, अर्थ सगळ्यांना कळला. मला बाकीची कामंही असतात.

भोईर (सी-१०१): मला नोटिशीप्रमाणेच कळला. माझी आठ महिन्यांची बाकी आहे. १४ तारखेला मुंजीसाठी हॉल माझ्या नावावर लिहा 😄

गोखले काका: नोटीस मराठीत लावा.

पाटणकर मॅडम: 'अनलेस'च्या पोटातच 'नाही' आहे. वर आणखी 'नॉट' घातला की अर्थ फिरतो. खालच्या ओळीत 'ऑल्दो रिमाइंडर्स वेअर सेंट, बट...' लिहिलंय. आपण जरी-तरी जोडीने बोलतो, म्हणून 'बट' आपसूक येतो. इंग्रजीत दोघांतलं एकच ठेवायचं.

निखिल (बी-५०३): मग मॅडम, इफ-देन कसं चालतं?

पाटणकर मॅडम: छान विचारलंस. 'देन' क्रियाविशेषण आहे. 'बट' बरोबरीची दोन वाक्यं जोडतं. 'ऑल्दो'ने एक वाक्य आधीच गौण केलं, मग बरोबरी उरली कुठे?

भोईर: गौण म्हणजे आम्ही सी विंगवाले 🙋

देशमुख वहिनी: लिफ्ट पहिली सी विंगचीच दुरुस्त झाली हो. आम्ही अजून चढतोय.

सावंत: लिफ्टचा विषय इथे नको.

तांबोळी: आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० पासून पहिलीपासून आलं, नोटिसा मात्र त्याच 😂

गोखले काका: नोटीस मराठीत लावा.

सावंत: मी मानद सेक्रेटरी आहे, पगारी नाही. ज्यांना चुका दिसतात त्यांनी सभेलाही यावं. मॅडम गेल्या दोन्ही सभांना नव्हत्या.

पाटणकर मॅडम: गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आपण भेटायला आला होतात. असो. मसुदा मी लिहून देते.

सावंत: गरज नाही. आता असं लावतोय: 'हॉल विल नॉट बी गिव्हन अनटिल ड्यूज विल बी क्लिअर्ड.'

पाटणकर मॅडम: गौण वाक्य मागे नेलंत, कॉमा काढलात, उत्तम. फक्त 'अनटिल'नंतर 'विल' नको. 'अनटिल ड्यूज आर क्लिअर्ड.'

गोखले काका: नोटीस मराठीत लावा.

सावंत: हा संदेश हटवला गेला

भोईर: साहेब, जुनी नोटीस अजून भिंतीवर आहे. १४ तारीख पक्की समजू ना?