मदत हवी आहे: रावेर ते न्हावाशेवा बंदर, केळीच्या कंटेनरचं वेळापत्रक बसत नाही

रावेरचा_केळीवाला:
काल जहाज चुकलं. गाडी बुधवारी रात्री १० ला पॅकहाऊसवरून हलली, तरी गेट कट-ऑफ, म्हणजे बंदरात कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ, हुकला. पुढचा कंटेनर पुढच्या आठवड्यात आहे. किती तास आधी गाडी सोडू, एवढंच सांगा. ट्रान्सपोर्टवाल्याला आजच कळवायचंय, मजूरही सांगून ठेवलेत.

सावदेकर:
भाऊ, कट-ऑफ किती वाजताचा होता? माल कुठे चाललाय? भरताना फळाच्या गराचं तापमान किती होतं? यातलं काहीच लिहिलं नाही तर कोण काय सांगणार?

धुळे_ट्रेलर:
चांदवड, नाशिक ठीक, पण कसारा घाटात भरलेला ४० फुटी रडवतो. इगतपुरीला समृद्धीवर चढा, आमण्याला उतरा. ७६ किमीचा हा टप्पा जून २०२५ पासून सुरू आहे. घाट वाचतो. पुढे ठाणे जिल्ह्यात अवजड गाड्यांच्या बंदीच्या वेळा बघूनच निघायचं.

नाना_यावल:
एवढी यातायात कशाला? आमच्या वेळी सावद्याहून वॅगन भरून केळी दिल्लीला जायची. रेल्वेनेच पाठवा.

सावदेकर:
नाना, त्यांचा खरेदीदार समुद्रापलीकडे आहे. दिल्लीचा भाव घेऊन ते काय करतील?

नवा_निर्यातदार:
आयात-निर्यात कोड डीजीएफटीच्या (केंद्राचं परकीय व्यापार खातं) साइटवर ऑनलाइन निघतो, फी ५०० रुपये.

रावेरचा_केळीवाला:
कोड आहे हो माझ्याकडे! माल दुबईला, जेबेल अली बंदरात. कट-ऑफ गुरुवारी संध्याकाळी ६ चा. गाडी दुपारी ४ ला पोचली होती, पण फॉर्म १३, म्हणजे बंदराच्या गेटमधून कंटेनर आत न्यायचा परवाना, निघालाच नाही म्हणून बाहेर उभी राहिली.

धुळे_ट्रेलर:
मग रस्त्यात गाडीला उशीर झालाच नाही. हे आधी सांगायचं ना. मी उगाच घाट-बोगदे सांगत बसलो.

सीएचए_पनवेल:
फॉर्म १३ का अडला? व्हीजीएम दिलं होतं का? भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन. जुलै २०१६ पासून त्याशिवाय कंटेनर जहाजावर चढवत नाहीत.

रावेरचा_केळीवाला:
काट्याची पावती ड्रायव्हरच्या खिशात होती. मला वाटलं, तो गेटवर दाखवेल.

सीएचए_पनवेल:
इथंच घात झाला. काट्यावरून उतरताच पावतीचा फोटो, कंटेनर नंबर आणि सील नंबर एजंटला पाठवा. फॉर्म १३ हातात आल्याशिवाय गाडी गेटकडे नेऊ नका. फार आधीही जाऊ नका, गेट उघडायची वेळ ठरलेली असते. तोवर बाहेर कंटेनर गार ठेवणाऱ्या जेनसेटचं डिझेल जळतं.

सावदेकर:
तापमानाचं उत्तर राहिलं. सकाळी कापून संध्याकाळी भरली का?

रावेरचा_केळीवाला:
हो. रिकामा कंटेनर यायला उशीर झाला. फणीत थर्मामीटर खुपसला तर २४ दाखवत होता. रीफर (थंड कंटेनर) १३.५ वर लावलाय, म्हटलं होईल गार.

सावदेकर:
नाही होत, भाऊ. रीफर गार माल गार ठेवतो, २० टन गरम केळी त्याला वेळेत आवरत नाही. आतली फळं इथिलीन हा पिकवणारा वायू सोडू लागतात आणि दुबईला पेटी पिवळी उघडते. आणि घाईनं १३ च्या खाली नेलंत तर साल काळवंडते. रात्रभर प्रीकूलिंग करा, म्हणजे भरण्याआधीच माल गार करा, गर १४ ला आला की मगच कंटेनरचं दार उघडा. मी स्वतः एक अख्खा कंटेनर या चुकीत घालवलाय, म्हणून कळकळीनं सांगतोय.

केळी_मास्तर:
वाण कोणता? जी-नाईन असेल तर पोटॅश जास्त द्या.

रावेरचा_केळीवाला:
कट-ऑफ पुन्हा गुरुवारी ६ चा आहे. मंगळवारी सकाळी घड कापतो, रात्रभर प्रीकूलिंग, बुधवारी दुपारी १ ला भरणं, ५ ला काटा, ६ ला गाडी सोडतो. रिकामा कंटेनर मंगळवारी रात्रीच मागवू का?

सावदेकर:
मागवा. आला की दाराचं रबर हात फिरवून बघा आणि मशीन चालू करून तासभर थांबा. बिघाड असला तर रात्रीच कळू दे, बदली कंटेनर न्हावाशेव्याहूनच यायचा आहे.