आरएक्स-८ घ्यावी का? रोटरी इंजिन नेमकं कशाने जातं?

ऑकलंडकर
मंडळी, डोक्यात रोटरी इंजिनाचा (पिस्टनऐवजी आत त्रिकोणी रोटर फिरतो ते) किडा शिरलाय. २००४ ची माझदा आरएक्स-८ बघितली आहे, सहा गिअरची मॅन्युअल, जपानहून आलेली, १ लाख १० हजार किमी. इथे न्यूझीलंडमध्ये रोटरीवाले पावलोपावली भेटतात, पण प्रत्येकाचं एकच पालुपद, "एपेक्स सील जातात, हात लावू नकोस." विकणारा म्हणतो इंजिन एकदम टकाटक. व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टन नाहीत, मग बिघडतं काय? आणि बघायला गेल्यावर काय तपासू?

तेलकट_हात
एपेक्स सील म्हणजे त्रिकोणी रोटरच्या तीन टोकांवरच्या, आतला दाब धरून ठेवणाऱ्या पट्ट्या. बोंब त्यांच्या नावाने, पण आरएक्स-८ मध्ये त्या सहसा तुटत नाहीत, झिजतात. त्यांना झिजवणारे वेगळेच.

माझा पहिला संशय कायम इग्निशन कॉइलवर (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देते ती). दोन रोटर, प्रत्येकी दोन प्लग, एकूण चार कॉइल. कॉइल थकली की मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट पेटतच नाही. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जाऊन जळतं, कॅट आतून वितळून चोंदतं आणि सगळी उष्णता इंजिनात तुंबते. या इंजिनाचे एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर पडायची भोकं) बाजूच्या प्लेटांत आहेत, त्यामुळे रोटरच्या बाजूंवरच्या साइड सीलना थेट चटका. गाडी वरच्या आरपीएमला दम टाकत असेल तर आधी कॅट बघा. जाणकार मालक साधारण ५० हजार किमीला चारही कॉइल बदलून मोकळे होतात.

दुसरं तेल. हे इंजिन तेल जाळतं, तसंच ते बनवलंय. एक छोटा पंप सीलच्या वंगणासाठी आत तेल सोडतो. सुरुवातीच्या मॉडेलला दर रोटरला दोनच नोझल होते, २००९ पासून तीन केले. मालकाला सहज विचारा, "डिपस्टिक कधी बघता?" तो "सर्व्हिसिंगला" म्हणाला की चहा घ्या आणि निघा.

जुनी_एफडी
वरच्यांशी सहमत. सील तडकन तुटायचे किस्से जास्त करून टर्बोवाल्या आरएक्स-७ चे (आरएक्स-८ च्या आधीची माझदाची रोटरी गाडी). बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवायचा, पेट्रोल कमी पडतं, डिटोनेशन होतं, म्हणजे मिश्रण स्फोटासारखं पेटतं, खेळ खल्लास. 'एपेक्स सील' हा बागुलबुवा त्याहून जुना आहे. १९६७ च्या एनएसयू आरओ ८० या जर्मन रोटरी गाडीची इंजिनं वॉरंटीत बदलता बदलता कंपनी मेटाकुटीला आली होती.

पण पाण्याचं कोणी बोललं नाही. मधली हाउसिंग अॅल्युमिनियमची, बाजूच्या प्लेटा बिडाच्या. गाडी तापली की दोन्ही कमीजास्त फुगतात आणि मधले कूलंट सील जातात. आरएक्स-८ चा तापमानाचा काटा फार उशिरा हलतो, त्याच्या भरवशावर राहू नका. सकाळी पहिल्या स्टार्टला गोडसर वासाचा पांढरा धूर किंवा कूलंटच्या बाटलीत बुडबुडे दिसले तर सौदा नको.

ऑकलंडकर
आभार! माझं ऑफिस जेमतेम चार किमीवर आहे. चालेल ना?

तेलकट_हात
रोज तेवढंच असेल तर नाही. थंड इंजिन चालू करून लगेच बंद केलं की पेट्रोल तेलाचा थर धुऊन नेतं, कॉम्प्रेशन (आतला दाब) पडतं आणि गाडी फ्लड होते, म्हणजे पेट्रोलने भिजून सुरूच होत नाही. मग अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारत बसा (तेव्हा इंजेक्टर बंद राहतात, म्हणून). रोज पूर्ण गरम करून, रस्ता मोकळा असेल तिथे वर ताणून चालवणार असाल तरच घ्या.

तपासायला जाल तेव्हा गाडी आधी गरम करून ठेवू नका म्हणावं. थंड स्टार्ट बघा, चक्कर मारा, बंद करून दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू करा. गरम असताना बराच वेळ स्टार्टर मारूनही इंजिन पटकन सुरू झालं नाही तर कॉम्प्रेशन गेल्याचा दाट संशय घ्या. आणि कॉम्प्रेशनची चाचणी रोटरीच्याच टेस्टरने हवी, प्रत्येक रोटरचे तीन आकडे (तिन्ही बाजूंच्या चेंबरचा एकेक) देणारी. साध्या गेजचा एक आकडा घेऊन काय करणार?

ऑकलंडकर
विकणाऱ्याने चाचणी करून आकडे पाठवले, किलोपास्कलमध्ये. पुढचा रोटर ७३०, ७२०, ७४०. मागचा ६९०, ६४०, ७००. "नॉर्मल आहे" म्हणतो.

जुनी_एफडी
हे २५० आरपीएमला मोजलेत का, ते आधी विचारा. स्टार्टर जोरात फिरला तर आकडे फुगतात. माझदाची किमान मर्यादा ६८० आहे, नव्यासारखं इंजिन ८३० च्या आसपास. ६४० वाला चेंबर नापास.

तेलकट_हात
+१. इंजिन उघडायचा खर्च किमतीतून वजा करून बोला. नाही ऐकलं तर दुसरी बघा, तुमच्याकडे काय कमी आहेत!