स्पोर: स्पेस स्टेजमध्ये पार दम निघालाय, काय करू? (बजेट: पैसे शून्य, वेळ रोज एक तास)

मध्यरात्रीचा_गडी
नमस्कार मंडळी. गेम 2008 चा आहे, हसू नका. लेकीला (वय 9) दाखवायला म्हणून सेलमध्ये स्पोर घेतला. सेल (पेशी), क्रीचर, ट्रायबल, सिव्हिलायझेशन हे चार टप्पे आम्ही दोघांनी हसतखेळत काढले. प्राणी तिने बनवलाय, नाव ढब्बू. तीन पाय, डोळे पाठीवर, चालताना लंगडल्यासारखा चालतो. आता स्पेस स्टेज आलीय आणि हा गेम एकदम दुसराच निघाला. पाच वसाहती आहेत माझ्या. एकीकडे टेराफॉर्मिंगला (ग्रह राहण्याजोगा करायला) जावं तर दुसरीकडे पायरेट्स स्पाइस (वसाहतीत निघणारा, विकायचा माल) पळवतात, तिकडे वळावं तर होम प्लॅनेटवर प्राणी आजारी पडलेत, ते कळपातून हुडकून लेझरने मारत बसतो तोवर शेजारचं साम्राज्य खंडणी मागतं, नाही म्हटलं की युद्ध. आणि या सगळ्याला जहाज एकच, ते पण मीच चालवणार. काल तासभरात अकरा वेळा अलार्म वाजला, मोजले मी. कमाई काहीच नाही, उलट एनर्जी भरण्यात पैसे गेले.
नॉर्मल डिफिकल्टीवर आहे. पुन्हा पहिल्यापासून खेळणार नाही, नवीन काही विकत घेणार नाही, वेळ लेक झोपायच्या आधी तासभरच. या अटीत काय सुचवाल?

निवांत_नाना
ईझीवर नवा गेम सुरू कर, विषय संपला. मी हार्डवर केलाय पूर्ण, पण ते तेव्हाचं वय होतं. 2008 ला लॅमिंग्टन रोडवरून ओरिजिनल डीव्हीडी आणली होती, सगळे पायरेटेड खेळत होते तेव्हा. आणि शिक्षा काय तर सुरुवातीला तीनच अ‍ॅक्टिव्हेशन मिळायची (म्हणजे तीनदाच गेम टाकता यायचा), पुढे ती पाच केली. मी दर दोन महिन्यांनी पीसी फॉरमॅट करायचो, तिन्ही बघता बघता उडाली. पायरेटेडवाले मजेत. असो. ईझी.

मध्यरात्रीचा_गडी
नाना, पुन्हा सुरू करायचं नाही असं लिहिलंय वर.

निवांत_नाना
अरे ढब्बू स्पोरपीडियात (गेममधला प्राण्यांचा संग्रह) सेव्ह असतो रे. तोच घे आणि थेट स्पेस स्टेज निवड. पाच मिनिटांचं काम.

मध्यरात्रीचा_गडी
हे लेकीला विचारून पाहिलं. म्हणाली तो ढब्बूसारखा दिसणारा दुसरा कोणीतरी असेल. त्यामुळे तो मार्ग बंद.

एसएसडी_सम्राट
कुठल्या मशीनवर खेळताय? स्पेसमध्ये ग्रहावर उतरताना अडकत असेल तर निम्मा वेळ तिथंच जातो. मी गेल्या महिन्यात नवं ग्राफिक्स कार्ड टाकलं, 32 जीबी रॅम, लोणी झालंय लोणी. एवढा खर्च नको असेल तर निदान एसएसडी तरी घ्या.

मध्यरात्रीचा_गडी
अडकत नाहीये हो. मी अडकलोय.

जीवशास्त्राची_बाई
जरा वेगळा मुद्दा. मुलीला हा गेम "उत्क्रांती" म्हणून दाखवू नका प्लीज. माझ्या वर्गात एक मुलगा हेच खेळून आला होता आणि सांगत होता की जिराफाला मान लांब "घ्यावीशी वाटली". स्पोरमध्ये डीएनए पॉइंट साठवायचे आणि दुकानातून पाय विकत घ्यायचे असं चालतं. नैसर्गिक निवड यात कुठेच नाही, खेळणारा बसलेला असतो ना वर ब्रह्मदेव होऊन.

फक्त_लढाई
बाई गेम आहे तो, दहावीचं पुस्तक नाही 😂

जीवशास्त्राची_बाई
पुस्तक असतं तर गैरसमज कमी झाले असते.

कोथरूडचा_परग्रहवासी
बाईंचं बरोबर आहे पण मूळ योजना जरा गंभीर होती. 2005 च्या जीडीसीत (गेम बनवणाऱ्यांची परिषद) गेमचे कर्ते विल राइटनी जो डेमो दाखवला तो शोधून बघा, त्यात प्राणी अधिक रानटी वाटतात. पुढे सगळं गोंडस करून टाकलं. तीन वर्षं वाट बघितली मी आणि हातात काय आलं तर गोल डोळ्यांची बाहुली. स्पेस स्टेजच काय ती राहिली बघण्यासारखी, आणि लोक नेमकी तीच अवघड म्हणून सोडतात. धागाकर्त्यांनी एक्सपान्शन घ्यावं, गॅलॅक्टिक अ‍ॅडव्हेंचर्स, 2009 चं. जहाजातून खाली उतरून कॅप्टन म्हणून फिरता येतं.

मध्यरात्रीचा_गडी
बजेट शून्य आहे 🙏 आणि खाली उतरून फिरलो तर वर अलार्म कोण बघणार?

नागपुरी_ठेचा
भाऊ, लोकं काहीही सांगून रायले तुले. आधी पैसा बघ. पैसा म्हणजे स्पाइस. लाल सगळ्यात स्वस्त, जांभळा सगळ्यात महाग. होम प्लॅनेटवर लाल निघत असंल तर तेवढ्यावर घर चालत नाही. वसाहत टाकायच्या आधी ग्रहावर स्पाइस कोणत्या रंगाचा हाय ते बघायचं, मंग पैसे घालायचे. मले गुलाबी-जांभळा निळ्या ताऱ्यांभोवती जास्त भेटला. आन विकताना पहिल्या गिऱ्हाइकाला देऊ नको, प्रत्येक सिस्टीमचा (म्हणजे तारा आन त्याचे ग्रह) भाव येगळा, काही ठिकाणी तो रंग घेतच नाही. मी एकदा सगळा माल घाईत अर्ध्या भावात विकून टाकला, पुढच्याच सिस्टीममध्ये दुप्पट भाव. रात्रभर झोप नाही आली बे.
दुसरं, वसाहतीत बिल्डिंगा कशा लावल्या? घर आन कारखाना एकमेकाला जोडून पायजे, मंग माल वाढते. कारखाना आन करमणुकीची बिल्डिंग शेजारी ठेवली का लोकं नाराज. सिव्हिलायझेशनमध्ये होतं तेच गणित हाय.

मध्यरात्रीचा_गडी
हे माहीतच नव्हतं. पाचातल्या तीन वसाहतींवर लाल आहे. बिल्डिंगा लेकीने "छान दिसतात म्हणून" गोल लावल्यात.

फक्त_लढाई
लाल वसाहती टाकून दे आणि शेजारच्याच्या चांगल्या हिसकाव. खंडणी मागतो ना तो? पहिले टरेट (संरक्षक तोफा) उडव, मग शहरांवर बॉम्ब टाक, शरण येईपर्यंत थांबायचं नाही. मी असे नऊ साम्राज्य खाल्ले. सोप्पंय.

टेराफॉर्म_तात्या
सोप्पं नाही, हे वाचून नवखा माणूस जाईल आणि मार खाईल. एक साम्राज्य मारलं की त्याचे मित्र तुमच्या अंगावर येतात. ज्याला पाच वसाहती सांभाळता येईनात त्याने कशाला नऊ खायच्या?
माझं ऐका, आजार मुळात टेराफॉर्मिंगचा आहे. ग्रहाचा टी-स्कोर (ग्रह किती राहण्याजोगा झाला ते) 0 ते 3 असतो, स्क्रीनवर गोल दिसतात एकात एक आणि एक ठिपका असतो. हवा आणि तापमान नीट केलं की ठिपका मध्याकडे सरकतो. लोक इथंच थांबतात आणि दुसऱ्या ग्रहावर पळतात, ठिपका मागे घसरतो, मग परत या, परत पैसे घाला. प्रत्येक गोल पक्का करायचा असेल तर त्यात छोटं, मध्यम, मोठं असं तीन प्रकारचं झाड लावायचं, आणि वर दोन शाकाहारी प्राणी, एक मांसाहारी किंवा सर्वभक्षी. झाडं लागली की ठिपका जागचा हलत नाही. झाडं विकत मिळत नाहीत, दुसऱ्या जिवंत ग्रहावरून बीमने उचलून आणायची. मी जहाजात कायम एक सेट भरून ठेवतो, गावाला जाताना डबा नेतो तसा. टी-3 झाला की त्या ग्रहावर तीन वसाहती बसतात. पाच ग्रहांवर एकेक टपरी टाकण्यापेक्षा दोन ग्रह भरा.

जीवशास्त्राची_बाई
हे मात्र मला आवडलं, अन्नसाखळी पूर्ण झाल्याशिवाय ग्रह टिकत नाही. एवढं दाखवा मुलीला.

ग्रॉक्सभक्त
सगळे फालतू सल्ले. थेट गॅलेक्सीच्या मध्याकडे निघा. तिथं ग्रॉक्स आहेत, गेममधली सगळ्यात खतरनाक परग्रही जमात, हजारोंनी सिस्टीम त्यांच्या. त्यांना चुकवत मध्यात घुसलात की स्टीव्ह नावाचा परग्रहवासी भेटतो आणि स्टाफ ऑफ लाइफ देतो, 42 वेळा वापरता येतो, एका फटक्यात ग्रह टी-3. टेराफॉर्मिंगची कटकटच गेली. ग्रॉक्स टी-0 वरच जगतात, त्यामुळे त्यांच्या ग्रहावर मारला तर तेही साफ. किंवा मी केलं तसं त्यांच्याशी दोस्तीच करा.

टेराफॉर्म_तात्या
दोस्ती केली की बाकी अख्खी गॅलेक्सी वैरी होते हे सांगा ना पुढे.

ग्रॉक्सभक्त
होते. पण बॅज मिळतो.

निवांत_नाना
मध्याजवळ जहाजाची एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जायची उडी लहान लहान होत जाते, एनर्जी तुटते, वर ग्रॉक्सची जहाजं मागे. मी मध्यापर्यंत पोचलो, शेवटच्या चार-पाच उड्या राहिल्या आणि लाइट गेली. सेव्ह केलं नव्हतं. अडीच तास गेले. यूपीएसची बॅटरी आदल्याच आठवड्यात मेलेली, बायको म्हणत होती बदल म्हणून. त्या दिवसापासून दर दहा मिनिटांनी सेव्ह.

एसएसडी_सम्राट
यूपीएस कुठला होता? मी सांगतो चांगला.

मीरा_वाचते
धागाकर्ते, एक विचारायचं होतं, आधी कोणीच विचारलं नाही म्हणून. तुमचं आर्किटाइप (साम्राज्याचा स्वभाव) काय आलंय? आधीचे टप्पे कसे खेळलात त्यावर ठरतं.
आणि तोवर अलार्मबद्दल. मीही सुरुवातीला प्रत्येक अलार्मला धावायचे, कुकरची शिट्टी झाल्यासारखी. मग एकदा ठरवलं की बघू न जाता काय होतं. पायरेट्स आले तर साठलेला स्पाइस जातो, वसाहत जात नाही. मग स्पाइस साठूच द्यायचा नाही, फेरी मारली की उचलायचा. आजारी प्राण्यांकडे नाही गेलं तर एखादी जात जाते, टी-स्कोर उतरू शकतो, पण ते परत आणता येतं. दुसऱ्या साम्राज्याने हल्ला केला तरच धावायचं, कारण त्यात वसाहत खरंच जाते. अकरा अलार्म म्हणालात ना, त्यातले खरे दोन-तीनच असतील बघा. पुढे बॅज मिळाले की उबर टरेट आणि बायो-स्टॅबिलायझर विकत मिळतात, पहिल्याने हल्ले परतवता येतात, दुसऱ्याने प्राणी आजारी पडायचं थांबतं. पैसे आले की हत्यारं नंतर, हे दोन आधी. आणि खंडणीवाल्याला सरळ पैसे देऊन शांतता घ्या हो, लाजायचं काय त्यात. बाकी एक-दोन शेजाऱ्यांना भेट देऊन, त्यांची कामं करून मित्र करून ठेवा.

फक्त_लढाई
खंडणी द्यायची??? महाराजांच्या मातीतली माणसं आपण

मीरा_वाचते
तह महाराजांनीही केले होते, दादा.

मध्यरात्रीचा_गडी
मीराताई, आर्किटाइप शामन दाखवतंय. सेलच्या टप्प्यात पाला खाल्ला, मग सगळ्यांशी गाणी म्हणून मैत्री, मग धर्मप्रसार. लेकीला कोणाला मारायचं नव्हतं. त्याचा काही उपयोग असतो का?

मीरा_वाचते
अहो मग तुमच्याकडे रिटर्न तिकीट आहे! शामनलाच मिळतं. कुठेही असा, ते दाबलं की थेट होम प्लॅनेट. लगेच परत वापरता येत नाही, थोडा वेळ जावा लागतो, पण निम्मी धावपळ कमी होते. वापरलं नाहीत?

मध्यरात्रीचा_गडी
खालच्या पट्टीत एक चिन्ह होतं खरं. मला वाटलं कसली तरी जाहिरात आहे, दाबलं की पैसे मागेल. इतके दिवस एनर्जी जाळत घरी येत होतो. 🤦

नागपुरी_ठेचा
😂😂 खिशात पास आन टीसीले घाबरून पायी चालला भाऊ

कोथरूडचा_परग्रहवासी
म्हणूनच थेट स्पेस स्टेजमधून सुरू करू नये. तसं केलं की आर्किटाइप वाँडरर होतं आणि असली काही शक्ती मिळत नाही. नानांचा सल्ला ऐकला असता तर तिकीट गेलं असतं.

निवांत_नाना
ईझीवर तिकिटाची गरजच पडत नाही.

पुण्यातून_डब्लिन
उशिरा आलो, सगळं वाचलं नाही. कन्सोल (गेममधली कमांड टाइप करायची पट्टी) उघडा, कंट्रोल शिफ्ट सी, आणि मोअरमनी टाइप करा. पैसे येतात. ऑफिसनंतर एक तास मिळणाऱ्या माणसाने प्रामाणिकपणा कशाला करायचा? नाहीतर सरळ स्टेलारिस हा दुसरा अंतराळ गेम घ्या, तिथं जहाजं आपापली जातात.

मध्यरात्रीचा_गडी
सर्वांचे आभार, काय केलं ते सांगतो. परवा रात्री लेकीला सगळे पर्याय वाचून दाखवले. मोअरमनीला ती "चीटिंग" म्हणाली, ग्रॉक्स दिसायला आवडले नाहीत, आणि लाल वसाहती विकता येतात का विचारत होती. मी म्हटलं तात्यांचं ऐकू, दोन ग्रह भरू, झाडं आणू. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, यात आपली पृथ्वी आहे का?
आहे म्हणतात, सोल नावाची सिस्टीम. मग ठरलं. खंडणीवाल्याला पैसे दिले (क्षमस्व, लढाईराव), उरले त्यात मोठी उडी मारणारा ड्राइव्ह घेतला, आणि वसाहती रामभरोसे सोडून निघालो. उबर टरेट नाही, स्टॅबिलायझर नाही, काही नाही. काल वाटेत असताना दोन वसाहती गेल्या, तिसरीचा अलार्म वाजत होता, लेकीने आवाज बंद केला. दोन शेजारी भेटले, त्यांना गाणी आवडतात. आज रात्री पुढे.

टेराफॉर्म_तात्या
म्हणजे एवढं लिहून उपयोग काय झाला?

मध्यरात्रीचा_गडी
तात्या, दहा झाडं आणि चार प्राणी भरून घेतलेत जहाजात. डबा.

नागपुरी_ठेचा
होम प्लॅनेट गेला तर मले सांगू नको मंग.

फक्त_लढाई
पृथ्वी सापडली की प्लॅनेट बस्टर (अख्खा ग्रह उडवणारा बॉम्ब) मिळव आणि टाक तिच्यावर. अचिव्हमेंट आहे त्याची, ओह द ह्युमॅनिटी. मी पहिल्या आठवड्यात केलेलं.

मध्यरात्रीचा_गडी
लेक शेजारी बसून वाचतेय. तिने विचारलंय की हे काका कुठे राहतात.