शनिवारवाड्यापाशी सूर्य ठेवून बघा
मुलीला आठही ग्रहांची नावं पाठ आहेत, पण अंतरांचा अंदाज येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आम्ही भाच्याबरोबर हे चालून पाहिलं. शनिवारवाड्यापाशी १ मीटर व्यासाचा सूर्य आहे असं धरायचं. मग पृथ्वी जेमतेम काबुली चण्याएवढी, तीही १०७ मीटरवर! मंगळ १६४ मीटरवर. गुरू मोठ्या डाळिंबाएवढा, पण थेट ५६० मीटरवर, म्हणजे दगडूशेठ ओलांडून मंडईच्या अलीकडे. भाचा तिथेच दमला (गर्दीही फार होती). नेपच्यून सव्वातीन किलोमीटरवर, पर्वतीच्याही पुढे. तक्त्यांत ग्रह एकमेकांना खेटून काढतात, ते मला फार खटकतं. मंगळ ते गुरू ही लांबलचक वाट मुलीला पायी चालू द्याच.