मालिश ही चैन नव्हे

मालिश ही शहरी चैन आहे, असे काहीजण म्हणतात. नाशिक जिल्ह्यातील निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात राहणाऱ्या मला ते पटत नाही. द्राक्षवेलींची एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळांसाठी) या दोन्ही वेळी मजूर दिवसभर वेलींच्या मांडवाखाली हात वर करून काम करतात, आणि मान व खांदे इतके आखडतात की रात्री कुशीवर वळणेही अवघड होते. पिंपळगाव बसवंतमधील आमच्या मालिशवाल्या ताईंनी बाळंतिणींना आणि तान्ह्या बाळांना तेल लावण्यापासून सुरुवात केली. आता छाटणीच्या हंगामात त्या संध्याकाळी मजुरांच्या वस्तीवर जातात, परवडेल तेवढेच पैसे घेतात आणि खांद्याचे साधे व्यायामही शिकवतात. मला त्यांचा सर्वांत मोठा गुण वाटतो तो नकार देण्याचा: एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर त्या हात न लावता रुग्णाला तातडीने डॉक्टरांकडे पाठवतात, कारण शिरेत गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात अडकण्याचा धोका असतो. अशा जाणत्या व्यक्तींना नाशिकच्या 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात, पायी येणाऱ्या भाविकांसाठी, प्रथमोपचार केंद्रांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सामावून घ्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.