शब्दचर्चा: ‘नॅपस्टर जबाबदार’ म्हणजे नेमकी कशी?

गाण्यांच्या चाचेगिरीवरच्या अमेरिकी खटल्यांविषयीचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘लायबिलिटी’ दिसली की ‘जबाबदारी’ लिहीत गेले आणि चौथ्या पानावर अडकले. ‘नॅपस्टर (इंटरनेटवरून गाण्यांची देवाणघेवाण करून देणारी सेवा) जबाबदार होती’ म्हणजे तिनं स्वतः गाणी उचलली, उचलणाऱ्याला हात दिला, की बघून न बघितल्यासारखं केलं? कोशात ‘कॉन्ट्रिब्युटरी’ला ‘अंशदायी’ सापडलं. ‘अंशदायी उल्लंघन’ चालेल?

प्रतिसाद:
नको हो! वाचणाऱ्याला पगारातून कापला जाणारा भविष्य निर्वाह निधी आठवेल. इथे कुणी वर्गणी भरलेली नाही. ‘साहाय्यक उल्लंघन’ म्हणा, आणि ‘लायबिलिटी’ला सरळ ‘दायित्व’.

नॅपस्टरचा कारभारच बघा. १९९९ साली सुरू झालेल्या या सेवेच्या सर्व्हरवर गाणी नव्हतीच, ती लोकांच्या संगणकांवर होती. सर्व्हरवर होती ती फक्त यादी: कुठलं गाणं कुणाकडे. तुम्ही नाव टाइप करायचं, ती ठिकाण सांगायची, फाइल परस्पर त्या माणसाकडून यायची. २००१ साली अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या (म्हणजे विभागाच्या) अपील न्यायालयानं यात दोन वेगळी दायित्वं पाहिली. एक, माहीत असून मदत करण्याचं. दुसरं, रोखायचा अधिकार हातात असून आणि त्या उल्लंघनातून स्वतःचा फायदा होत असून न रोखण्याचं, म्हणजे ‘व्हायकेरियस’. त्याला ‘प्रातिनिधिक’ म्हणणं मला पटत नाही, कारण इथे कुणी कुणाचा प्रतिनिधी नाही. नोकराच्या चुकीला मालक बांधील, अशी ती मूळ कल्पना. मी ‘परकृत दायित्व’ लिहीन.

दुसरा प्रतिसाद:
‘परकृत’ झकास. पण ग्रोकस्टर या तशाच दुसऱ्या सेवेच्या खटल्यापाशी पुन्हा अडाल. तिथे मध्यवर्ती यादीच नव्हती, त्यामुळे खालच्या न्यायालयांनी कंपनीला सोडलं होतं. आधार १९८४ च्या बीटामॅक्स निकालाचा: व्हिडिओ रेकॉर्डरचे रीतसर उपयोगही भरपूर, म्हणून नुसतं ते यंत्र विकणारा दोषी नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं खालच्या न्यायालयांचा निकाल फिरवला. कंपनी नॅपस्टरची जुनी गिऱ्हाइकं ओढायला बघत होती, बेकायदा फाइली अडवणारी गाळणी (फिल्टर) लावायचा प्रयत्न नव्हता, कमाई जाहिरातींवर. थोडक्यात, यंत्रापेक्षा लोकांना उल्लंघनाकडे वळवण्याचा हेतू पाहिला.

या ‘इन्ड्यूसमेंट’ला ‘प्रलोभन’ नको, लाच दिल्यासारखं वाटतं. ‘चिथावणी’ भांडणाला. ‘अपप्रेरणा’ अर्थानं जवळ, पण तो फौजदारी कायद्यातला शब्द आणि हा दावा दिवाणी. ‘उल्लंघनास प्रवृत्त केल्याचं दायित्व’ असं लिहा. लांबलचक आहे खरं, पण चुकीचं नाही.

मूळ प्रश्नकर्ती:
घेतलं सगळं. मग मी जागोजागी लिहिलेली ‘चोरी’?

पहिला प्रतिसादक:
काढाच. १९८५ च्या डाउलिंग खटल्यात एल्विस प्रेस्लीच्या बेकायदा तबकड्या होत्या. चोरीच्या मालाच्या वाहतुकीचा कायदा त्यांना लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. घरातला तांब्या चोरीला गेला की तो घरात नसतो. गाण्याची नक्कल झाली तरी गाणं मालकाकडे असतंच, मोडतो तो त्याचा हक्क. म्हणून ‘उल्लंघन’. मथळ्यात ‘चाचेगिरी’ ठेवा, तेवढा मसाला चालतो.

मूळ प्रश्नकर्ती:
ठीक. मात्र ‘शेअर’चं ‘सामायिक’ करणार नाहीये, आधीच सांगते.